सूपभर कोंड्याचं लेकरू

मी एक लेकरू विकत घेतलं होतं. रोखीचा व्यवहार होता. सूपभर धानाचा कोंडा दिला आणि लेकरू घरात घेतलं. परवा नव्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाता खाता हे माझ्या तोंडून निघून गेलं, तर समोरची तरणी शिक्षिका घास हातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. ‘मॅडम, असं कुठं बोलू नका,’ म्हणाली. आता तिला काय सांगू, की असं बोलल्यामुळंच एकदा आमची चांगली वाट लागली होती, आणि तीही नागपूरच्या दवाखान्यात, चारचौघांसमोर.

बदली होऊन मी आता लाखांदूर तालुक्यात आले आहे. शाळा चांगली आहे, पोरं गुणी आहेत, तक्रार काही नाही. पण शाळा सुटून खोलीवर आलं की मला लाखनीकडचं ते जुनं गाव आठवतं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वसलेलं गाव. घरांवर वाळत घातलेली जाळी, त्यांचा तो ओला, मासळी वास. नवीन होते तेव्हा त्या वासानं मला मळमळायचं. आता इथं तो वास नाही तर रिकामं रिकामं वाटतं, म्हणजे माणसाचं नाकसुद्धा किती लबाड असतं बघा.

माझ्या खोलीला लागून तिचं, त्या लेकराच्या आईचं घर. आमच्या दोघींच्या सांदवाड्या, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागा, एकाच काट्याच्या कुंपणानं वेगळ्या केलेल्या. तिचा नवरा तलावात मासे मारायचा आणि ती ते डोक्यावर टोपली घेऊन विकायची. माझ्याहून वयानं पुष्कळ लहान, पण तोंडानं माझ्याही वरचढ. गिऱ्हाइकानं भाव पाडला की तिचं भांडण मला वर्गात ऐकू यायचं. संध्याकाळी मात्र कुंपणावरून हात यायचा. ‘घ्या जी बाई, तुमच्या भाताले.’ पैसे दिले तर रागवायची. मी लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारू नका, पण त्या गावात मला कधी एकटं वाटलं नाही, ते तिच्यामुळं.

तिची दोन लेकरं गेली होती. दोन्ही तान्ही असतानाच, दोन्ही थंडीत, दोन्ही छातीनं. पहिलं मी त्या गावात यायच्या आधीचं. दुसरं मी डोळ्यांनी पाहिलं. इवल्याशा पोटावर श्वासाला खळगा पडायचा, आणि ती त्या खळग्यावर हात ठेवून बसायची, जसं काही तिच्या हातानं तो भरून निघेल. ते गेलं तेव्हा ती महिनाभर कुंपणाकडं आली नाही. मीही गेले नाही. काय तोंडानं जाणार होते?

तिसरं दिवसांच्या आधीच जन्मलं. बरेच दिवस नागपूरला काचेच्या पेटीत होतं. धान कापणीला आलं तेव्हा ती त्याला घेऊन घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. हातात सूप, सुपात जुन्या लुगड्यावर लेकरू.

‘बाई, इकत घ्या जी हे लेकरू.’

‘डोकं ठिकाणावर हाये का वं तुहं?’ मी म्हणाले. त्या गावात राहून माझी बोलीही तशीच झाली होती.

मग तिनं मला समजावलं. मीच तिला शहाणपण शिकवायची, त्या दिवशी ती मला शिकवत होती. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिनं नवं लेकरू विकायचं. पैशाला नाही, फुकाच्या वस्तूला, कोंड्याला. म्हणजे तान्ही लेकरं उचलून नेणाऱ्या सटवीला वाटतं, हे काही हिचं नाही, आणि सूपभर कोंड्याला गेलं म्हणजे कामाचंही नाही. मग ती पुढं निघून जाते. लेकरू राहतं आईकडंच, आईच पाजते, पण दुसऱ्याचं म्हणून. ते चांगलं मोठं होईपर्यंत आईनं तोंडानं ‘माझं’ म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर विकत घेणारीनं सांगायचं, माझं.

‘अवं, पण मीच काहून? तुह्या आळीत बाया का कमी हायेत?’

‘त्या समद्याइच्या घरी सटवीचं येनंजानं हाये. तुमच्या घरी नाई. तुमी तिले मानतच नाई, त ते येईन कायले?’

आजोबांच्या काळापासून आमच्या घरात देव नाहीत. भिंतीवर आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात असतात त्या दोन तसबिरी, बस. नवस, उतारे, नजर यांच्याविरुद्ध मी शाळेत घसा कोरडा करून बोलायची. त्या सगळ्याचं फळ हे, की सटवीपासून लेकरू लपवायला साऱ्या गावात माझं घर सुरक्षित ठरलं! आणि तिची सासू, जिनं माझ्या घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं, ती कुंपणापलीकडून मान डोलवत होती. मला हसावं की चिडावं तेच कळेना. ‘माझ्याकडं कोंडा कुठून असणार?’ मी शेवटचा प्रयत्न केला. तर तोही तिनं आणलेला होता, पदराखाली.

घेतलं मी. काय करता? तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

त्या दिवसापासून ती माझ्या लेकराची दाई झाली. किती कडक पाळलं तिनं! पाजताना तोंड दुसरीकडं. चारचौघांत त्याचा पापा नाही, लाड नाही, ‘सोन्या’ नाही की ‘राजा’ नाही. बाजारातल्या बाया मुद्दाम विचारायच्या, ‘काहून वं, कोनाचा टुरा?’ की ही म्हणायची, ‘बाईचा.’ शाळेतली पोरंही शिकली. ‘बाई, तुमचा टुरा रडून राहिला’ असं वर्गाच्या खिडकीतून ओरडून सांगायची आणि फिदीफिदी हसायची. मी छडी दाखवायची. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. ती मासळी घेऊन बाहेर पडली की तो माझ्या मांडीवर असायचा, आणि एका हातानं वह्या तपासताना दुसऱ्या हाताला त्याचं ते पिसागत वजन मला फार आवडायला लागलं होतं. गंमत म्हणून घेतलं होतं मी ते लेकरू, खरंच. लाखनीच्या बाजारातून त्याच्यासाठी लोकरीची टोपी आणली, तेव्हा मात्र दुकानदारानं ‘कोणासाठी’ विचारल्यावर मी लाजले, या वयात.

थंडी सुरू झाली आणि त्याचा श्वास चढायला लागला. तोच खळगा, बरगड्यांच्या खाली. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी त्याला घेऊन नागपूर गाठलं. नवरा तलावावर राहिला, त्या दिवशी त्यांच्या मच्छीमार संस्थेची जाळी टाकायची पाळी होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फुप्फुसं अजून कच्ची आहेत. ही एक थंडी काढली तर पुढं बरं होईल. घरी रोज मशीननं वाफेतून द्यायचं औषध, आणि छातीत जंतू शिरू नयेत म्हणून दर महिन्याला एक इंजेक्शन. ‘हे नेमानं मिळालं तर काळजी नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘नाही मिळालं, तर मी खोटा धीर देणार नाही.’ मग त्यांनी किंमत सांगितली. ती हसली. तिला वाटलं डॉक्टर गंमत करून राहिले. माझ्याकडं बघितल्यावर तिचं हसू थांबलं. दवाखान्यात भरती केलं तर रेशनकार्डावर सगळं होत होतं, पण घरी न्यायच्या औषधाला ते कार्ड चालत नव्हतं, आणि माझा पगारही त्या औषधापुढं कोंड्यागतच होता.

डॉक्टरांनीच वाट दाखवली. खालच्या मजल्यावर एका ट्रस्टची खोली होती. दम्याच्या, कच्च्या छातीच्या तान्ह्या लेकरांचा औषधाचा खर्च ते उचलायचे. टेबलामागं मोठ्या चष्म्याची एक तरुण मुलगी बसली होती, ती समाजसेविका. ती आमच्याशी फार चांगली बोलली, हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढं मी तिच्यावर बरीच ओरडले. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, लेकराच्या टोपीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘सगळ्या थंडीचं औषध देऊ आपण. काळजी करू नका, ताई. यात आई कोण?’

माझ्या शेजारणीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

‘अहो, नाही,’ मी म्हणाले. ‘आई हीच. मी शेजारीण.’

‘नाई जी. लेकरू बाईचं होय. मी फकस्त पाजतो. आमी इकलं.’

त्या मुलीचा पेन थांबला. ‘विकलं म्हणजे?’

‘इकलं जी. बाईनं कोंडा देल्ला.’

मी मध्ये पडले आणि सगळं आणखी बिघडवलं. ‘विकत घेतलं, पण म्हणजे तसं विकत नाही’ असं कोणी मला सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. दवाखान्याच्या कागदावर आई म्हणून तिचंच नाव होतं, त्यानं तर त्यांचा संशय पक्काच झाला. आई ही, आणि म्हणते विकलं. त्या मुलीनं नवऱ्याचा नंबर मागितला. लागला फोन. मागं माणसांचा गलका, पाण्याचा आवाज, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा त्याचा खणखणीत गळा. ‘आमचं नाई जी ते! बाईचं हाये! आमी इकून टाकलं!’ बायकोनं पढवलेलं न चुकता म्हटल्याचा आनंद त्याच्या आवाजात मावत नव्हता. मी कपाळ बडवून घेतलं.

मग आतून तिचे साहेब आले. दारात एक शिपाई येऊन उभा राहिला, सहज उभा राहिल्यासारखा. ‘मॅडम, तुम्ही शिक्षिका ना?’ साहेबांनी मला विचारलं. ‘लेकरू विकणं-घेणं गुन्हा आहे, हे तुम्हाला सांगायची वेळ यावी?’ आता मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांना सटवी सांगितली, कोंडा सांगितला, आमचे आजोबा सांगितले, तान्ह्या लेकराला औषध द्यायचं सोडून चौकशा करत बसलात म्हणून सुनावलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘असेलही तसं. पण आईच जर म्हणत असेल माझं नाही, तर मदत कोणाच्या हातात देऊ? मला वर कळवावं लागेल. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. तुम्ही बोलू नका.’ जन्मभर मी दुसऱ्यांना गप्प बसवत आले. मला कोणी असं गप्प बसवलं नव्हतं.

आम्ही बाहेर वऱ्हांड्यात आलो. ती भिंतीला टेकून खालीच बसली. लेकरू माझ्याकडं होतं.

‘एक शब्द बोलाचा हाये,’ मी दबक्या आवाजात तिच्यावर डाफरले. ‘माहं म्हन अन् मोकळी हो. औषध आत ठेवलं हाये वं, या भिंतीच्या पलीकडं!’

‘दोन खेपा म्हनलं जी.’

‘काय?’

‘पयल्या खेपी म्हनलं, माहं सोनं. दुसऱ्या खेपी म्हनलं, माहा राजा. गावभर म्हनत फिरलो, बाई. आता नाई म्हनत. तुमी मले मारा, पन तेवढं म्हनाले लावू नोका.’

माझ्याकडं उत्तरं खूप होती. फुप्फुसं, दिवस न भरणं, थंडी, सगळं मला सांगता आलं असतं, फळ्यावर आकृती काढून सांगता आलं असतं. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. तिला औषध हवं होतं, त्याच्यासाठी एकच शब्द बोलायचा होता, आणि त्याच शब्दानं आपलं लेकरू मरतं अशी तिची पक्की खात्री होती. अशा माणसाला काय समजावणार?

तेवढ्यात त्याला खोकला आला. कोरडा, बारीक, थांबेचना. माझ्या हातात ते आखडलं, डोळे मोठे झाले, ओठांभोवती निळसर छटा आली. आणि मी, इतकी बोलकी बाई, नुसती बघत राहिले. तिनं झडप घालून त्याला माझ्याकडून ओढून घेतलं. छातीशी धरलं, उभी राहिली आणि त्या खोलीत शिरली. शिपाई बाजूलाच झाला.

‘माहं होय!’ ती ओरडली. वऱ्हांड्यात रांगेत बसलेली माणसं उठून उभी राहिली. ‘माहं लेकरू होय! माह्या पोटचं होय! ज्याले आयकाचं त्यानं आयका! दोन नेले, हे देत नाई मी. या खेपी नाई देत! द्या जी औषध!’

साहेबांना वाटलं ती त्यांच्यावर ओरडते आहे. ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. ती वर, छताच्या कोपऱ्याकडं बघत होती. कोणाशी बोलत होती ते मला ठाऊक होतं. सटवी नसते हे मी पोरांना शंभरदा शिकवलं आहे, आणि तरी त्या क्षणी तिच्या मागं उभी राहून मीही त्याच कोपऱ्याकडं रागानं बघत होते.

त्या मुलीनंच पुढं होऊन दोघांना धरलं आणि धावत वर नेलं. नळी लावली, वाफ दिली. ओठांचा रंग परत यायला वेळ लागला, पण आला. खालच्या कागदांचं काय झालं ते मी पाहिलं नाही. दुपारी ती मुलगी स्वतः औषध घेऊन वर आली, बर्फाच्या डब्यात. चष्मा पुसत मला म्हणाली, ‘मॅडम, आम्हाला विचारावंच लागतं हो. खरीच विकलेली लेकरंही येतात इथं.’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिची माफी मागितली, आणि मी सहसा कोणाची मागत नाही.

ती थंडी निघाली. दर महिन्याला आम्ही एसटीनं नागपूरला जायचो. ट्रस्टनं इंजेक्शनही दिलं, वाफेचं औषधही दिलं, मशीनही दिलं. त्या मशीनचा घुर्रर्र आवाज कुंपणापलीकडून आला की मला समजायचं, आता लेकरू तोंडावर मुसकं लावून रागानं लाल झालं असेल. खरंच, किती चांगले दिवस होते ते, काळजीचे होते तरी. आता तो पाळीवरून तलावात उड्या मारतो. आई शिव्या घालते आणि तो ऐकत नाही. मला तो ‘बाई’ म्हणतो, बाकीची पोरं म्हणतात तसंच.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्या पहिल्या वेळी दवाखान्यातून सोडल्यावर घरी परत येणं. काही दिवस त्यांनी ठेवून घेतलं होतं, मी रजा टाकून तिथंच होते. त्या दिवसांत तिनं त्याला कोणाच्या हातात दिलं नाही. कितीतरी दिवसांचं तुंबलेलं होतं ते. भरल्या वॉर्डात त्याचे पापे घ्यायची, त्याच्याशी बोलायची, त्याच्या पायाची बोटं मोजायची आणि पुन्हा मोजायची. मी घेऊ का विचारलं की म्हणायची, ‘राहू द्या जी, झोपला हाये.’ झोपलेला नसायचा.

संध्याकाळची एसटी होती. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गार वारा आत यायला लागला. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. चांगला माणूस होता, लेकराकडं बघून म्हणाला, ‘खिडकी लावून घ्या जी, हवा लागून राहिली त्याले. कोनाचं लेकरू?’

इतके दिवस हा प्रश्न आला की उत्तर मी द्यायची. माझं तोंड उघडलंही.

‘माहं,’ ती म्हणाली. अगदी सहज, दुसरीकडं बघत, पदर त्याच्या पायावर ओढून घेत.

कंडक्टर पुढं गेला. मी उठून खिडकी लावली. मला आनंद झाला होता, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. हेच तर मी तिच्याकडून म्हणवून घेणार होते. पण खिडकीकडं तोंड करून बसले आणि मला रडू आलं, ते थांबेचना. लाखनीचे दिवे दिसायला लागले तरी थांबेना. ‘काय झालं जी बाई?’ तिनं विचारलं. मी म्हणाले, वाऱ्यानं पाणी आलं डोळ्याला. खिडकी तर माझ्याच हातानं लावलेली होती.